मार्चचं ऊन बोअरमध्ये ठेवायचं असेल तर: सोलापूरच्या दगडात हे कसं करायचं, आधी काय तपासायचं

एप्रिल-मेत सोलापुरात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही इतकं तापलेलं असतंय, आणि तीच गच्ची, तेच सोलर पॅनल जुलै-ऑगस्टात आभाळ भरून राहिलं की थंडगार. आमच्या यार्न डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, त्या दिवसांत बॉयलरला ओलं लाकूड घालायचं म्हणजे आच कमी आणि धूर जास्त. मग डोक्यात येतंच की तीन महिने एवढं फुकटचं ऊन पडतंय, ते कुठंतरी ठेवून पावसाळ्यात काढता आलं तर किती बरं होईल. तर ते ठेवता येतं, जमिनीखाली, पाणी धरणाऱ्या थरात, जगात बऱ्याच ठिकाणी ठेवतात पण. मी गेली काही वर्षं ह्याच्या मागं आहे, आणि मला जे समजलंय ते आपल्या सोलापूरच्या हिशोबानं लिहितोय, कारण बाहेरची माहिती जशीच्या तशी इथं लावली तर पैसे पण जातील आणि बोअर पण जाईल.

मूळ गोष्ट साधी आहे. दोन बोअर. एकीतनं पाणी उपसायचं, ते तापवायचं, दुसरीत परत सोडायचं. गरज पडली की उलटं करायचं, गरम बोअरमधनं काढायचं, उष्णता वापरून घ्यायची आणि गार झालेलं पाणी पहिल्या बोअरमध्ये सोडायचं. पाणी खर्च होत नाही, जेवढं काढलं तेवढं परत जातंय, फक्त त्याची उष्णता ठेवली आणि काढली.

आणि ह्याची सुरुवात कापडाच्या धंद्यातनंच झाली हे आपल्या गावानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्या थंडाव्यासाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसत होत्या की शहराची जमीनच खचायला लागली, म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी बोअरमध्ये पाणी परत भरायला सुरुवात केली, आणि मग कळलं की हिवाळ्यात भरलेलं गार पाणी उन्हाळ्यात काढलं तर गारच निघतंय. पुढं नेदरलँड्सनं हे सगळ्यात जास्त उचललं. जगात अशा २,८०० च्या वर सिस्टिम मोजल्या गेल्यात, त्यातल्या ८५ टक्के एकट्या नेदरलँड्समध्ये, आणि जवळजवळ सगळ्याच कमी तापमानाच्या, २५ डिग्रीच्या आतल्या. जास्त गरम साठवणारे थोडे. बर्लिनला जर्मनीच्या संसदेच्या इमारतीखाली ३०० मीटरच्या आसपास ७० डिग्रीपर्यंतचं गरम पाणी ठेवतात आणि थंडावा त्याच्या वर ६० मीटरवर वेगळा ठेवतात. नॉयब्रांडेनबुर्ग म्हणून गाव आहे तिथं तर वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता सव्वा किलोमीटर खोल ठेवली.

पण तिथं खाली वाळू आहे ओ, वाळूचा दगड आहे, स्पंजासारखा. आपल्याकडं काय आहे ते बघा. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मग भोकं-भोकं असलेला मांजऱ्या, मध्येच लाल गेरूचा पट्टा, परत पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला त्याचे हे थर. प्रत्येक थराच्या माथ्याला गॅसचे बुडबुडे राहिले तो मांजऱ्या, बुडाला घट्ट पाषाण, आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये जी माती भाजली ती लाल. कुणी म्हणेल अजून खोल जाऊ, खाली कुठंतरी वाळू लागेल. शेजारच्या किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर मारली, त्यात ३३८ मीटरपर्यंत हाच काळा दगड, त्याच्याखाली अगदी पातळ गाळाचा थर आणि मग लगेच ग्रॅनाइटच्या जातीचा जुना कठीण खडक. म्हणजे दोन हजार फूट जाऊन पण स्पंज मिळाला नाही. म्हणून आपल्याकडं "खोल" म्हणजे काय तर मुरमाच्या खालचा, घट्ट पाषाणाच्या झाकणाखाली दबलेला एखादा मांजऱ्या थर, दोनशे ते पाचशे फुटांतला. त्याच्यापुढं जाऊन सहसा फक्त खर्च वाढतोय.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी बोअर नाही, वही काढा. उष्णतेचा हिशोब सोपा आहे, एक हजार लिटर पाणी एक डिग्री तापवायला १.१६ युनिट लागतात, लाइट बिलातलं युनिट असतंय तेच. समजा रोज २०,००० लिटर पाणी २८ डिग्रीवरनं ४५ वर नेऊन १०० दिवस जमिनीत भरलं, तर २,००० घनमीटर झालं आणि साधारण ३९,००० युनिट उष्णता आत गेली. त्यासाठी सोलर हीटरचं दीडशे चौरस मीटरच्या आसपास पॅनल लागेल. परत किती येईल? अर्धी आली तरी लहान सिस्टिमला चांगलं म्हणायचं. म्हणजे तेवढंच पाणी परत काढलं तर ते सरासरी ३६-३७ डिग्रीनं येईल, सुरुवातीला चाळीसच्या वर, शेवटी तिशीच्या थोडं वर. बॉयलरला जाणारं पाणी सात-आठ डिग्रीनं आधीच तापलेलं मिळालं, रोजचे १७०-१७५ युनिट, बॉयलरची एफिशियन्सी धरून रोजचं पासष्ट-सत्तर किलो सुकं लाकूड वाचलं. हे आकडे कागदावरचे आहेत, पण ते बघूनच पुढं जायचं का नाही ते ठरवा. ह्यातनं रंगाचं उकळतं पाणी मिळणार नाही, फक्त आधीचं तापवणं होईल. हे ज्याला पटत नाही त्यानं इथंच थांबावं.

आणि अजून एक, साठवायच्या आधी जी उष्णता आत्ता नाल्यात चाललीय ती धरा. रंगाच्या टबातनं साठ-सत्तर डिग्रीचं पाणी सोडून देतो आपण आणि त्याच वेळी शेजारी गार पाणी तापवत असतो. तिथं एक प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्याच्या एका बाजूनं गरम, दुसऱ्या बाजूनं गार पाणी, मिसळत नाही पण उष्णता जाते) लावला की त्याच दिवशी वसूल, जमिनीत ठेवायची गरजच नाही. जमिनीत फक्त खरी उरलेली उष्णता ठेवायची, सुट्टीच्या दिवसाचं सोलर, हंगाम नसतानाचं, असं.

मग बोअरची कुंडली काढा. बोअरवाल्याला विचारा की किती फुटावर दगड बदलला, पाणी कुठं लागलं, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप) किती. तो "तीनशे फूट, दोन इंची पाणी" एवढंच सांगतो, त्यानं भागत नाही. नवीन मारत असाल तर स्वतः उभं राहा, दर दहा फुटाला बाहेर येणाऱ्या भुकटीची मूठभर वेगळ्या पिशवीत भरून फूट लिहून ठेवा. काळी बारीक भुकटी म्हणजे पाषाण. तांबडी म्हणजे गेरू. पांढरे मणी-खडे यायला लागले तर मांजऱ्या आहे पण त्याची भोकं खनिजानं बुजलेली आहेत, तिथं पाणी कमी. माझ्या ओळखीच्या एकाला कागदावर चारशे फूट लिहून दिलं होतं, पंप उतरवताना दोनशे ऐंशीला बूड लागलं, म्हणून दोरीला वजन बांधून खोली स्वतः मोजायची.

इथं एक गोष्ट शेतकऱ्याच्या हिशोबाच्या बरोबर उलटी आहे आणि मला ती समजायला फार वेळ लागला. एकाच भेगेला धो-धो पाणी लागलेली बोअर सगळ्यांना हवी असते. उष्णता ठेवायला ती वाईट. कारण आपल्या दगडात निथळून निघणारं पाणी एक ते तीन टक्केच असतंय, म्हणजे उष्णता पाण्यात कमी आणि दगडात जास्त साठते, तंदूर तापल्यासारखा दगड तापतो आणि नंतर पाण्याला परत देतो. पाणी एका मोठ्या भेगेतनं पळत गेलं तर दगडाला नीट लागतच नाही, गरम पाणी लांब निघून जातंय आणि परत येताना गार. दहा-पंधरा फुटांच्या जाडीत बारीक-बारीक झिरपणारा मांजऱ्या मिळाला, ताशी दोन-तीन हजार लिटर देणारा, तर तो ह्या कामाला सोनं. ताशी ३,००० लिटर आणि १५ डिग्रीचा फरक म्हणजे ५० किलोवॅट उष्णता होते, छोट्या युनिटला ते कमी नाही.

पाण्याची पातळी वर्षभर मोजा, निदान ऑक्टोबर आणि मे तरी. आजूबाजूच्या तीन बोअरची पातळी एकाच दिवशी मोजून, सर्व्हेवाल्याकडनं तिन्ही तोंडांची उंची लेव्हलनं काढून घेतली की पाणी कुठनं कुठं सरकतंय ते कळतं. शेजारी ऊस किंवा डाळिंब असेल आणि तो उन्हाळ्यात रात्रंदिवस मोटर चालवत असेल तर तुमचं गरम पाणी त्याच्या बोअरकडं ओढलं जाणार. मग तिथं हे करूच नका, भांडण तर होईलच पण मुळात उष्णता हाती लागणार नाही.

आता खरी परीक्षा, ढकल-ओढ टेस्ट. आधी पंप चालवून बोअरचं मूळ तापमान घ्या, आपल्याकडं ते २७-२८ येतंय. त्याच बोअरचं स्वच्छ पाणी टाकीत घेऊन ४५ पर्यंत तापवा, २०,००० लिटर हळूहळू परत सोडा, दोन दिवस थांबा, मग उपसा आणि दर पाचशे लिटरला तापमान लिहा. जितकं सोडलं तितकं काढून झालं की प्रत्येक वेळचा वाढीव डिग्रीचा आकडा गुणिले लिटर असं सगळं मिळवा आणि आत घातलेल्याशी भागा. घातले २० घनमीटर गुणिले १७ डिग्री म्हणजे ३४०, परत आले समजा १६०, म्हणजे ४७ टक्के. मग तीच टेस्ट परत करा पण ह्यावेळी पंधरा दिवस थांबून. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला तर खाली पाणी वाहतंय, उष्णता जागेवर राहत नाही. ह्या एका टेस्टला फार तर महिना जातो पण पुढचे लाखो रुपये ह्यावर ठरतात, कुणी कितीही घाई केली तरी ही सोडू नका.

दोन बोअरमधलं अंतर किती ठेवायचं त्याचा नियम आहे. गरम पाण्याचा गोल जमिनीत किती पसरेल ते काढायचं, साठवलेलं घनमीटर गुणिले ४.१८, त्याला भागिले (२.५ गुणिले ३.१४ गुणिले थराची जाडी मीटरमध्ये), आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. आपल्या २,००० घनमीटरला ५ मीटर जाड थर धरला तर साडेचौदा मीटर येतात. दोन बोअरमध्ये त्याच्या तिप्पट, म्हणजे ४५ मीटर ठेवा. भेगांचा दगड आहे म्हणून मी अजून थोडं जास्तच ठेवीन.

बोअर बांधताना केसिंग मुरूम संपून घट्ट पाषाणात दहा-पंधरा फूट आत गेलंच पाहिजे आणि बाहेरनं सिमेंट भरलंच पाहिजे. आपल्याकडं केसिंग टाकतात पण सिमेंट कुणी भरत नाही, त्यामुळं वरचं पाणी बाजूनं खाली उतरतंय. परत सोडायचा पाइप पाण्याच्या पातळीच्या खाली बुडालेला ठेवा, वरनं धबधब्यासारखं सोडलं की हवा मिसळते, हवेनं पाण्यातलं लोखंड गंजासारखं बाहेर पडतंय, बुडबुडे भोकात अडकतात आणि बोअर चोक होते. पाणी उघड्या टाकीत घ्यायचंच नाही, बोअर ते प्लेट एक्स्चेंजर ते बोअर अशी बंद लाइन. टेस्टला एकदा टाकी चालते, रोजच्याला नाही. आणि रंगाचं पाणी, ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी, कितीही स्वच्छ दिसलं तरी एक थेंब खाली जाता कामा नये. जमिनीचं पाणी जमिनीलाच, उष्णता फक्त प्लेटच्या पत्र्यातनं इकडनं तिकडं.

तापमान किती ठेवायचं? घरच्या गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा चुना चढलेला असतो. सोलापूरचं बोअरचं पाणी जड, आणि चुना गरम पाण्यात विरघळून राहत नाही, खाली बसतो. तोच चुना प्लेटमध्ये आणि दगडाच्या भोकांत बसला की संपलं. जास्त तापमानाच्या परदेशी सिस्टिमला पाण्यावर वेगळी ट्रीटमेंट करावी लागली ती ह्याचसाठी. शिवाय पाणी जेवढं गरम तेवढं हलकं आणि पातळ, ते थराच्या माथ्याला चढून बसतंय आणि काढताना खालचं गार पाणीच आधी येतंय, अमेरिकेत अलाबामाला जुन्या टेस्टमध्ये हेच झालं. म्हणून ४५, फार तर ५० च्या वर जायचं नाही असं माझं ठाम मत आहे.

सरकारी बाजू. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर म्हणजे खोल विहीर, तिच्यावर बंधनं आहेत, आणि कारखान्यासाठी भूजल वापरायला केंद्राची एनओसी लागते. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सोलापूरच्या ऑफिसला जा, टेस्टचे आकडे घेऊन जा. परत सोडतोय म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका. नेदरलँड्समध्ये सुद्धा साधारण २५ डिग्रीच्या वरचं पाणी जमिनीत सोडायला खास परवानगी लागते, आणि आपलं पाणी मुळातच २७-२८ आहे, त्यामुळं तिकडचा आकडा इथं चालत नाही. पण कुणाच्या पिण्याच्या बोअरचं पाणी कोमट करायचं नाही ही गोष्ट इथं पण तेवढीच खरी. पाचशे फुटांच्या अंतरात कुणाची पिण्याची बोअर असेल तर मी तिथं करणार नाही.

कोरड्या बोअरचं काय, हे मला बरेच जण विचारतात कारण आपल्याकडं फेल गेलेल्या बोअर गल्लोगल्ली आहेत. पाणी नाही म्हणजे दगड घट्ट, म्हणजे वाहून न्यायला काही नाही, उष्णता ठेवायला एका अर्थानं हे बरंच. तिच्यात एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) यू पाइप सोडून बाजूला भराव घालायचा आणि पाइपातच पाणी फिरवायचं. मीटरला ३० ते ५० वॅट धरा, १०० मीटरच्या बोअरला ३ ते ५ किलोवॅट. पण एकटी बोअर चारी बाजूंनी उष्णता गमावते, तिथनं तीन महिन्यांनी काही परत येणार नाही. कॅनडात ओकोटोक्सला ५२ घरांसाठी २००७ ला असं केलं तेव्हा जवळजवळ ३५ मीटर खोल अशा १४४ बोअर एकमेकींना चिकटून मारल्या होत्या, तेव्हा मधली जमीन तापून राहिली. एकट्या कोरड्या बोअरमध्ये एसीची उष्णता ढकलता येईल, साठवण होणार नाही.

हाच नियम पाण्याच्या बोअरला पण लागू आहे. गोळा आठपट मोठा केला की त्याची कातडी चारपटच वाढते, म्हणून मोठ्या साठ्याची गळती कमी. एकट्या डाईंगवाल्यानं २,००० घनमीटर करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ-दहा युनिट मिळून एकच साठा केला, एक भूजलतज्ज्ञ ठेवला, तर गणित बसायला लागतंय.

आता पावसाचा मुद्दा, माझ्या मते सोलापूरसाठी सगळ्यात मोठा. आपण मार्च-मेत उष्णता भरणार आणि जुलै-ऑगस्टात काढणार. मध्ये काय होतं? जून. पाऊस पडला की मुरमात पाणी भरतंय, पातळी चढते, उतारानं सगळं सरकायला लागतंय, आणि वरच्या थरात ठेवलेली उष्णता त्याच्याबरोबर धुऊन जाते. म्हणूनच लाल गेरूच्या किंवा घट्ट पाषाणाच्या खालचा दबलेला थर हवा आणि केसिंगला सिमेंट हवं. तुमच्या थराची पातळी पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवसांत उडी मारत असेल तर तो वरच्या पाण्याला जोडलेला आहे, तिथं पावसाळ्यासाठी उष्णता ठेवू नका.

अशा ठिकाणी उलटं करता येतं, आणि खरं सांगू का, मला आपल्या गावासाठी तेच जास्त पटतंय. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, हवा सुकी असते, कूलिंग टॉवरवर (पाणी हवेत शिंपडून गार करतात तो) पाणी सहज १८-२० पर्यंत उतरतंय. प्लेटच्या एका बाजूला टॉवरचं पाणी, दुसऱ्या बाजूला बोअरचं, आणि ते गार पाणी जमिनीत. एप्रिलमध्ये लूमच्या शेडमध्ये पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही तेव्हा ते काढायचं आणि कॉइलमधनं फिरवायचं. मध्ये पावसाळा येत नाही, गार पाण्याला चुन्याचा त्रास नाही, वाचते ती लाकडापेक्षा महाग वीज. फक्त शेजाऱ्याचा उन्हाळी उपसा तेवढा बघायचा.

तेव्हा ह्या वर्षी करायचं असेल तर ऑक्टोबरात पातळी मोजून ठेवा, नोव्हेंबरात ढकल-ओढ टेस्ट गार पाण्यानं करा, तीच पद्धत, फक्त ४५ ऐवजी २० डिग्री, आणि डिसेंबरच्या पहिल्या थंडीला रात्री दहा ते सकाळी सहा भरायला सुरू करा. पहिल्या वर्षी कमीच परत येतंय कारण आधी दगड स्वतः गार व्हायचा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे आकडे बघून मगच बोलायचं. बोअरच्या तोंडाशी थर्मामीटर, मीटर आणि एक वही टांगून ठेवा, आणि लिहायचं काम एकाच माणसाकडं द्या.